हिरडीच्या फटीतला थेंब: जीसीएफचा नमुना घेण्यापासून दाहाचे आकडे वाचण्यापर्यंत

दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी बारीक फट असते, तिच्यातून एक पातळ द्रव सतत पाझरत असतो. दंतवैद्यकात त्याला जीसीएफ (जिंजिव्हल क्रेव्हिक्युलर फ्लुइड) म्हणतात आणि या लेखातही तेच नाव वापरलं आहे. दाढांच्या मधल्या फटींमध्ये हा द्रव एका वेळी जेमतेम ०.४३ ते १.५६ मायक्रोलिटर सापडतो. संपूर्ण तोंडातून दिवसभरात पाझरणारा द्रव मोजला तर तो साधारण अर्धा ते अडीच मिलिलिटर भरतो.

हिरडीच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधून रक्तद्रव झिरपतो. वाटेत त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी, जंतूंची एन्झाइम्स, तुटलेल्या कोलॅजनचे (ऊतींना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) तुकडे आणि पेशींनी सोडलेले दाहाचे निरोप मिसळतात, आणि मग तो फटीत येतो. म्हणजे आत काय चाललं आहे त्याचा ताजा माल इथे सुई न टोचता मिळतो. १९५८ साली ब्रिल आणि क्रासे यांनी कुत्र्यांना फ्लुओरेसिन टोचून हिरडीच्या फटीत फिल्टर पेपर ठेवला, आणि काही मिनिटांत तो रंग कागदावर उतरला. तेव्हापासून पद्धत फारशी बदललेली नाही. आजही कागदाची पट्टी फटीत ठेवतात. बदललं ते पुढचं मोजमाप: आता त्या पट्टीतला पिकोग्रॅमच्या पातळीवरचा पदार्थही मोजता येतो.

अडचण इथेच सुरू होते. मोजणारं यंत्र कितीही बारीक असलं तरी पट्टी कशी ठेवली, किती वेळ ठेवली, तिला रक्त लागलं का, यावर आकडा दुप्पट-तिप्पट हलतो. जीसीएफवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यातला बराच दोष प्रयोगशाळेचा नसून खुर्चीजवळच्या त्या ३० सेकंदांचा असतो, असं माझं मत आहे. म्हणून या लेखातली बरीच जागा त्या ३० सेकंदांनाच दिली आहे. दंतवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधन करणारे दंतवैद्य हा माझा मुख्य वाचक आहे. पण कुणाला हिरड्यांची चाचणी करून घ्यायला सांगितलं असेल आणि रिपोर्टवरचा आकडा समजून घ्यायचा असेल, तर शेवटचे दोन भाग त्यांनाही उपयोगी पडतील.

आधी प्रश्न, मग मार्कर

मार्कर म्हणजे दाहाची किंवा नुकसानीची खूण म्हणून मोजायचा पदार्थ. बहुतेक जण मोजणीचं किट कुठलं उपलब्ध आहे ते पाहून मार्कर ठरवतात. हा क्रम उलटा आहे. आधी स्वतःला विचारा: मला नेमकं काय कळायला हवं? हिरडीला नुसता दाह आहे की हाडापर्यंत नुकसान पोहोचलं आहे? उपचारानंतर दाह शमला का? की आज शांत दिसणारी जागा पुढच्या काही महिन्यांत ढासळेल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका मार्करमधून मिळत नाहीत.

आयएल-१ बीटा हा दाहाचा अगदी सुरुवातीचा निरोप. मॅक्रोफेज आणि इतर पेशी तो सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी ओढल्या जातात आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींनाही चालना मिळते. जीसीएफमध्ये तो भरपूर असतो, मोजायला सोपा असतो आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. नव्याने काम सुरू करणाऱ्याला मी हाच सुचवेन. टीएनएफ-अल्फा हा दाहाचा दुसरा निरोप पुस्तकात त्याच्या शेजारी असतो, पण जीसीएफमध्ये त्याचं प्रमाण बरेचदा इतकं कमी भरतं की निम्मे नमुने किटच्या मोजमापाच्या मर्यादेखालीच राहतात. फक्त नाव मोठं आहे म्हणून तो निवडू नका.

एमएमपी-८ हे न्यूट्रोफिल पेशींतून येणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम. हिरडी आणि दाताला धरून ठेवणारे तंतू मुख्यतः टाइप-१ कोलॅजनचे असतात आणि तेच हे एन्झाइम कापतं. म्हणजे हा मार्कर 'दाह आहे' एवढ्यावर थांबत नाही, 'ऊती तुटते आहे' हेही सांगतो. यात एक खाचखळगा आहे. एमएमपी-८ सुप्त रूपातही असतं आणि सक्रिय रूपातही. शिवाय टिंप-१ नावाचं प्रथिन त्याला चिकटून निष्प्रभ करतं. तुमच्या किटमधली अँटिबॉडी यातलं नेमकं काय ओळखते ते किटच्या माहितीपत्रकात वाचल्याशिवाय किट मागवू नका. एकूण एमएमपी-८ आणि सक्रिय एमएमपी-८ यांचे आकडे एकाच तक्त्यात मांडणं चूक आहे.

पीजीई-२ हा प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाहात तयार होणारा संप्रेरकासारखा पदार्थ. १९८६ मध्ये ऑफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाच्या जीसीएफमधलं त्याचं सरासरी प्रमाण ६६.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं, तर पुढे हिरडीची पकड सुटण्याचा धोका वाढतो. तो हाडाच्या झिजेशी जवळून जोडलेला आहे, पण दाहशामक गोळ्यांनी लगेच खाली येतो. रुग्णाने नुकतीच गुडघ्यासाठी गोळी घेतली असेल तरी तुमचा आकडा बिघडू शकतो.

हाडाचाच प्रश्न असेल तर रँक-एल आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन या प्रथिनांचं गुणोत्तर पाहतात. पहिला ऑस्टिओक्लास्टला जागं करतो, दुसरा त्याला आवरतो. आयसीटीपी हा हाडाच्या कोलॅजनचा तुकडाही याच कामाचा. एएसटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, इलास्टेज ही जुनी एन्झाइम्स स्वस्तात मोजता येतात. मेलेल्या आणि फुटलेल्या पेशींमधून एएसटी बाहेर येतं, त्यामुळे ते नुकसान दाखवतं. पण साध्या जिंजिव्हायटिसमध्येही (हाडापर्यंत न गेलेल्या हिरडीच्या दाहातही) ते वाढतं, म्हणून त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

माझा सल्ला असा: दोन किंवा फार तर तीन मार्कर घ्या, आणि ते वेगवेगळ्या घडामोडींचे घ्या. आयएल-१ बीटा, आयएल-६ आणि आयएल-८ असे तीन सायटोकाइन (पेशींचे निरोप) घेतले तर एकच गोष्ट तीनदा मोजल्यासारखं होतं. आयएल-१ बीटाबरोबर एमएमपी-८ घेतलं तर निरोपही कळतो आणि त्याचा परिणामही.

कुणाचा नमुना घ्यायचा, कुणाचा नाही

निदान आधी नीट झालेलं हवं. हिरडीरोगांवरच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेतून आलेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं वर्गीकरण वापरा. त्यात रोग किती पुढे गेला ते स्टेज १ ते ४ मध्ये आणि किती वेगाने चालला आहे ते ग्रेड ए, बी, सी मध्ये मांडतात. प्रोबिंग (फटीत खुणा असलेली बारीक सळई घालून खोली मोजणं) केल्यावर १० टक्क्यांहून कमी जागांतून रक्त येणं हे हिरडीच्या आरोग्याचं लक्षण मानलं आहे. दिवसाला १० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणारा, किंवा मधुमेहात ज्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ७ टक्के किंवा त्यावर आहे, तो ग्रेड सी मध्ये जातो. हे लक्षात ठेवा, कारण या दोन गोष्टी जीसीएफचे आकडेही बदलतात.

धूम्रपानाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, लालसरपणा कमी दिसतो आणि द्रवही कमी पाझरतो, पण हाडाची झीज मात्र जास्त असते. अशा रुग्णाचा कमी आकडा पाहून 'दाह कमी आहे' असं लिहिलं, तर नेमकं उलटं चित्र उभं राहतं. धूम्रपान करणारे आणि न करणारे एकाच गटात मिसळू नका. वेगळे गट करा, नाहीतर ओढणाऱ्यांना अभ्यासातून वगळा.

गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना द्रव वाढतो. दातांना तारा बसवलेल्या असतील तर दाब पडणाऱ्या बाजूला आयएल-१ बीटा वाढतो, जंतूंचा त्यात काही हात नसतो. गेल्या तीन ते सहा महिन्यांत प्रतिजैविकं घेतली असतील किंवा हिरडीचे उपचार झाले असतील, तर तो रुग्ण बहुधा वगळतात. दाहशामक आणि स्टेरॉइड औषधांची चौकशी नुसतं 'काही औषध चालू आहे का' असं विचारून होत नाही. लोक डोकेदुखीच्या गोळीला औषध धरत नाहीत. नावं घेऊन विचारा.

जागा, दिवस आणि वेळ

प्रोबिंग आणि नमुना एकाच बैठकीत घ्यायचे असतील तर नमुना आधी, प्रोबिंग नंतर. पण कुठली जागा खोल आहे हे प्रोबिंगशिवाय कळत नाही, म्हणून चांगला मार्ग म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण तपासणी करून जागा ठरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नमुना घ्यायचा. प्रोब फिरवल्यावर लगेच पट्टी घातली तर ती गुलाबी होऊनच बाहेर येते.

वरच्या जबड्यातल्या जागा सोप्या पडतात. खालच्या पुढच्या दातांमागे लाळ साठते, आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालातल्या लाळग्रंथीची नळी उघडते, त्यामुळे ती जागाही टाळलेली बरी. बहुतेक जण गालाकडच्या पुढच्या कोपऱ्यातली जागा निवडतात. प्रत्येक रुग्णाकडून किती जागा घ्यायच्या ते आधीच लिहून ठेवा. एकाच तोंडात एक पॉकेट (रोगाने खोल झालेली फट) पेटलेलं आणि शेजारचं शांत असतं, त्यामुळे एका जागेवरून संपूर्ण तोंडाचा अंदाज बांधता येत नाही.

दिवसाची वेळ सगळ्यांसाठी एकच ठेवा. सकाळपासून रात्रीपर्यंत द्रवाचं प्रमाण वाढत जातं आणि मग उतरतं. चावण्याने आणि ब्रश फिरवण्यानेही पाझर वाढतो, म्हणून नमुन्याआधी निदान दोन तास खाणं, ब्रश आणि गुळण्या बंद.

ते ३० सेकंद

रुग्णाला सरळ बसवा, डोकं टेकलेलं. तोंडात पाणी फिरवून थुंकायला सांगा. निवडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंना कॉटन रोल ठेवा आणि लाळ ओढणारी नळी चालू ठेवा. मग दाताच्या दिसणाऱ्या भागावरचा प्लाक (जंतूंचा मऊ थर) क्युरेट या खरवडण्याच्या हत्याराने काढा, पण हिरडीच्या कडेला क्युरेट टेकू द्यायचा नाही. प्लाक न काढता पट्टी घातली तर प्लाकमधलं पाणीही कागद शोषतो आणि आकारमान उगाच फुगतं. कडेखालचं कीटण या वेळी अजिबात छेडू नका. ते उचकटलं की रक्त येतंच.

नंतर हवेची हलकी फुंकर. इथे सगळे चुकतात. हवेची धार दाताला समांतर, हिरडीच्या कडेवरून आडवी जायला हवी. धार फटीत सरळ मारली तर आतला द्रव बाहेर फेकला जातो आणि जे मोजायचं तेच निघून जातं. काही सेकंद पुरे, पृष्ठभागाची चमक गेली की थांबा.

पट्टी चिमट्याने धरा, बोटांनी नाही. फटीच्या तोंडाशी ठेवून हलकेच आत सरकवा. किंचित अडथळा जाणवला की हात थांबला पाहिजे, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर. तळाला टेकवण्याचा हट्ट केला की आतल्या नाजूक आवरणाला इजा होते, आणि त्या इजेनेच नवा द्रव पाझरू लागतो. मग तुम्ही रोग मोजत नसता, स्वतःच्या हाताने केलेली जखम मोजत असता. काही जण पट्टी फटीच्या तोंडाशीच ठेवतात, आत घालतच नाहीत. तीही पद्धत मान्य आहे. महत्त्वाचं हे की सगळ्या रुग्णांत, सगळ्या भेटींत एकच पद्धत आणि शक्यतो एकच हात.

घड्याळ लावा. ३० सेकंद हा काळ बहुतेकांनी स्वीकारलेला आहे आणि त्यामागे कारण आहे. साधारण पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो असा अंदाज आहे, म्हणजे दीड मिनिटाला एकदा. पट्टी जास्त वेळ ठेवली की फटीत साठलेला मूळ द्रव संपतो आणि मागून नवा रक्तद्रव ओढला जातो. मिश्रण रक्ताच्या जवळ जाऊ लागतं. याच कारणाने एकाच जागेवर लागोपाठ घातलेल्या दुसऱ्या पट्टीचा आकडा पहिलीपेक्षा वेगळा येतो. दोन पट्ट्या घ्यायच्याच असतील तर मधे एक-दीड मिनिट थांबा आणि दोन्ही वेगळ्या नोंदवा.

बाहेर काढलेली पट्टी उजेडात पाहा. रक्ताचा ठिपका, गुलाबी छटा, लाळेची चिकट चमक, यांतलं काहीही दिसलं तर ती पट्टी टाकून द्या. 'थोडंच आहे' हा विचार नको. चूक कुठल्या बाजूला जाईल हेही मार्करवर अवलंबून आहे: सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन रक्तात भरपूर असतं, म्हणून रक्त लागलं की ते खोटं वाढतं, आयएल-१ बीटा रक्तात फारच कमी, म्हणून रक्ताने त्याची तीव्रता (दर मायक्रोलिटर द्रवामागचं प्रमाण) उलट पातळ होते. एकाच घाणेरड्या पट्टीवरून एक मार्कर वर आणि दुसरा खाली जाऊ शकतो. किती पट्ट्या टाकल्या याचीही नोंद ठेवा.

कागदाऐवजी काचेची सूक्ष्म नळी वापरता येते. तिच्यात आकारमान थेट वाचता येतं आणि द्रव कागदातून सोडवावा लागत नाही. पण निरोगी फटीतून नळी भरायला कित्येक मिनिटं लागतात, आणि इतका वेळ काच हिरडीला टेकून ठेवली की इजा आलीच. फट धुवून घेण्याची पद्धतही आहे. तिच्यात पेशी चांगल्या मिळतात, मात्र मूळ द्रव किती होता हे कळत नाही. रोजच्या कामाला पट्टीच बरी.

किती द्रव मिळाला

यासाठी पेरिओट्रॉन नावाचं यंत्र वापरतात. दोन धातूच्या जबड्यांमध्ये पट्टी ठेवली की ओलाव्यामुळे विद्युत धारकता बदलते आणि पडद्यावर एक अंक येतो. तो अंक म्हणजे मायक्रोलिटर नव्हेत. त्यासाठी आधी सूक्ष्म सिरिंजने ज्ञात आकारमानाचा मानवी सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) पट्टीवर टाकून, उदाहरणार्थ ०.१ पासून १.२ मायक्रोलिटरपर्यंत, प्रत्येक आकारमान तीन-तीनदा मोजून आलेख तयार करावा लागतो. हा आलेख सरळ रेषेत येत नाही, म्हणून दोन बिंदूंवरून अंदाज काढू नका. पाण्याने आलेख काढणंही टाळा. जीसीएफ पाण्यापेक्षा सीरमच्या जवळचा असतो.

प्रत्येक मोजणीआधी कोरी पट्टी ठेवून यंत्र शून्यावर आणा, आणि मोजणीनंतर जबडे पुसून कोरडे करा. पट्टी काढल्यापासून यंत्रात जाईपर्यंत जितका वेळ जाईल तितकं बाष्पीभवन होणार, म्हणून यंत्र खुर्चीच्या हाताशी हवं. शेजारच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचा उपयोग नाही. एक पट्टी साधारण १.२ मायक्रोलिटरपर्यंतच भरवशाने शोषते; खोल, पेटलेल्या पॉकेटमध्ये ती ३० सेकंदांआधीच भरून जाते. अशा जागी आकारमानाचा आकडा 'निदान इतका' एवढाच समजायचा.

यंत्र नसेल तर आधी वजन केलेल्या नळीत पट्टी टाकून सूक्ष्म तराजूवर वजनातला फरक काढता येतो. एक मायक्रोलिटर म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम. निनहायड्रिनने पट्टी रंगवून डागाचं क्षेत्रफळ मोजण्याची जुनी पद्धतही आहे, पण रंगवलेली पट्टी पुढे मार्करसाठी निरुपयोगी होते.

साठवण

मोजून झालेली पट्टी लगेच झाकणाच्या छोट्या नळीत, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), बर्फावर. फॉस्फेट बफर सलाइन चालतं. नमुन्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात आणि ती तुमचा मार्करही तोडतात, म्हणून प्रोटिएज इनहिबिटर घालतात. मात्र एमएमपी किंवा अल्कलाइन फॉस्फेटेजची सक्रियता मोजायची असेल तर ईडीटीए असलेलं मिश्रण नको: ही एन्झाइम्स धातूच्या आयनांवर चालतात आणि ईडीटीए तेच आयन हिसकावून घेतं.

नळीवर रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, दात, जागा, तारीख, वेळ आणि आकारमान. शाई गोठल्यावर पुसली जाणार नाही अशी. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा, आणि एकदा वितळवलेला नमुना परत गोठवून पुन्हा वापरायची वेळ येऊ नये म्हणून आधीच छोट्या भागांत वाटून ठेवा. दोन जादा नळ्याही बनवा: एकीत कोरी पट्टी आणि दुसरीत ज्ञात प्रमाणात मार्कर टाकलेली पट्टी. पहिलीवरून कागदाचाच काही खोटा संकेत येतो का ते कळतं आणि दुसरीवरून कागदातून किती माल परत सुटतो ते. कागद काही प्रथिनं धरून ठेवतो, सगळं सोडत नाही. ही दुसरी नळी फार थोडे लोक बनवतात, आणि माझ्या मते ज्या प्रबंधात ती नाही त्यातल्या अंतिम आकड्यांवर थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

एलायझा आणि हिशेब

एलायझा म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने पदार्थाचं प्रमाण मोजणारी चाचणी. पट्टी बफरमध्ये हलवून, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून वरचा द्रव घ्यायचा. आता नमुन्याचा हिशेब करा. समजा तुम्ही ३०० मायक्रोलिटर बफर घातलं. नेहमीच्या एलायझात एका खळग्याला बहुधा १०० मायक्रोलिटर लागतं आणि प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, म्हणजे २०० गेले. उरलेल्या १०० मध्ये दुसऱ्या मार्करची दुहेरी मोजणी बसत नाही. हे नमुने गोळा करण्याआधी लक्षात आलं तर बरं. जास्त मार्कर हवे असतील तर मण्यांवर चालणारी मल्टिप्लेक्स पद्धत कमी द्रवात अनेक मार्कर मोजते. एमएमपी-८ जीसीएफमध्ये इतकं जास्त असतं की त्यासाठी हाच अर्क आणखी बराच पातळ करावा लागतो. किती पातळ, ते दोन-तीन नमुन्यांवर आधी तपासून ठरवा.

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. उपचाराआधी एका जागेवरून ०.६ मायक्रोलिटर द्रव मिळाला. तो ३०० मायक्रोलिटर बफरमध्ये गेला. एलायझाने आयएल-१ बीटा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर दाखवला. ३०० मायक्रोलिटर म्हणजे ०.३ मिलिलिटर, म्हणून पट्टीवर एकूण ६० पिकोग्रॅम होते. मूळ द्रवातली तीव्रता ६० भागिले ०.६, म्हणजे १०० पिकोग्रॅम प्रति मायक्रोलिटर.

उपचारानंतर त्याच जागेवरून ०.३ मायक्रोलिटरच द्रव मिळाला. एलायझाचा आकडा १००, म्हणजे एकूण ३० पिकोग्रॅम. तीव्रता? ३० भागिले ०.३, पुन्हा १००.

तीव्रता पाहिली तर उपचाराने काहीच झालं नाही. एकूण प्रमाण पाहिलं तर मार्कर निम्म्यावर आला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण रुग्णाच्या हिरडीत जे घडलं ते दुसरा आकडा सांगतो: पाझर कमी झाला आणि त्याबरोबर फटीत येणारा मार्करही. शिवाय तीव्रता काढताना भागायचा आकडा अतिशय छोटा असतो, ०.१ मायक्रोलिटरच्या मोजणीत ०.०५ ची चूक झाली तर उत्तर दीड-दोन पटीने हलतं. म्हणून लॅमस्टर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आग्रह धरला की ३० सेकंदांच्या नमुन्यातलं एकूण प्रमाण द्यावं. मी तेच मुख्य मानतो आणि तीव्रता व आकारमान सोबतच्या रकान्यांत देतो. फक्त तीव्रता देणारा तक्ता दिसला की आधी आकारमान शोधावं.

किटच्या मर्यादेखाली गेलेले नमुने शून्य धरू नका आणि गाळूही नका. असे किती होते ते सांगा. एकाच नमुन्याच्या दोन वाचनांत १० टक्क्यांहून जास्त तफावत पडली तर तो नमुना पुन्हा लावा.

आकडेवारीत एक चूक फार जुनी आहे: २० रुग्णांच्या प्रत्येकी पाच जागा घेऊन १०० स्वतंत्र नमुने मोजल्यासारखं दाखवणं. एकाच तोंडातल्या जागा एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. रुग्णागणिक सरासरी घ्या किंवा बहुस्तरीय मॉडेल (एकाच रुग्णातल्या जागा एकमेकींशी जोडलेल्या धरणारं) वापरा.

आकडा वाचायचा कसा

मार्कर आज काय चाललं आहे ते सांगतो. प्रोब आणि एक्स-रे आजवर काय गमावलं ते सांगतात. सात मिलिमीटरचं पॉकेट आणि कमी एमएमपी-८ हे दोन्ही एकत्र असू शकतं: रोग होऊन गेला, सध्या शांत आहे. उलट तीन मिलिमीटरच्या फटीत आयएल-१ बीटा उसळलेला असेल तर तो साधा जिंजिव्हायटिसही असू शकतो. १९६५ च्या ल्यो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात १२ निरोगी लोकांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांना जिंजिव्हायटिस झाला, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवड्यात तो गेला. या काळात मार्कर वर जातात आणि खालीही येतात, हाडाला धक्का न लागता. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावरून पीरियॉडॉन्टायटिसचं (हाडापर्यंत पोहोचलेल्या हिरडीरोगाचं) निदान करायचं नसतं.

एमएमपी-८ साठी काही सीमा वापरात आहेत. थेट जीसीएफमध्ये पट्टीच्या चाचणीसाठी एक मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि गुळणीच्या पाण्यात सक्रिय एमएमपी-८ साठी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. या दोन आकड्यांत ५० पटींचा फरक आहे, कारण गुळणीत तोच द्रव लाळेत आणि पाण्यात पसरलेला असतो. एका चाचणीची सीमा दुसरीला लावू नका. गुळणीची चाचणी काही मिनिटांत खुर्चीजवळच होते, पण ती संपूर्ण तोंडाचं एकच उत्तर देते; कुठल्या दाताशी गडबड आहे ते सांगत नाही. आणि मोजकेच दात उरलेल्या रुग्णात रोग असूनही ती नकारार्थी येऊ शकते.

कुठल्याही नव्या मार्करला एका जुन्या, फुकटच्या चाचणीशी स्पर्धा करावी लागते: प्रोबिंगला रक्त येतं का? लँग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की वारंवार तपासूनही रक्त न येणारी जागा पुढे शांत राहण्याची शक्यता ९८ टक्क्यांच्या आसपास असते. रक्त येणाऱ्या जागेबद्दल मात्र ती चाचणी फारसं सांगत नाही. अशा बऱ्याच जागा पुढे ढासळत नाहीत. मार्करची खरी जागा तिथेच आहे: रक्त येणाऱ्या जागांपैकी कुठल्या जागेची काळजी करायची ते निवडायला, आणि धूम्रपान करणाऱ्यांत, जिथे रक्त फसवं ठरतं.

रिपोर्ट हातात असेल तर

चाचणी सकारात्मक आली म्हणजे दात जाणार असं नाही, आणि नकारार्थी आली म्हणून स्केलिंग (कीटण काढणं) टाळायचं असंही नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पॉकेट किती मिलिमीटरची आहेत, एक्स-रेत हाड किती उतरलं आहे, आणि आधीच्या भेटीच्या तुलनेत बदल काय. तोच आकडा आधीच्या स्वतःच्याच आकड्याशेजारी ठेवला तर जास्त बोलतो.

उपचार तेच राहतात: दातांच्या मधल्या फटींसह रोजची स्वच्छता, कीटण काढणं, मुळांची सफाई, तंबाखू बंद, रक्तातली साखर ताब्यात. काही निवडक रुग्णांत डॉक्टर डॉक्सिसायक्लिन २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. हा डोस जंतू मारण्याइतका नसतो. तो एमएमपी एन्झाइम्सना आवरण्यासाठी असतो, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला १९९८ मध्ये मान्यता दिली. दुकानातून स्वतःहून आणून घेण्याची ही गोळी नव्हे.

पुन्हा चाचणी केव्हा? सफाईनंतरचे पहिले काही दिवस जखम भरण्याच्या दाहाने मार्कर चढलेलेच असतात. किमान चार ते सहा आठवडे थांबा, शक्य असेल तर तीन महिने. तीच जागा, तीच वेळ, तोच हात, ३० सेकंद. त्या वेळीही पॉकेट खोल, रक्त येणारं आणि मार्कर चढलेला असेल, तर नुसती आणखी एक चाचणी लिहू नका. त्या पॉकेटची सफाई पुन्हा करा किंवा शस्त्रक्रियेचा विचार करा.